शेंडेनक्षत्राची काच

दोन सेकंद

नवरी हलली, हे कोकिळानं मानलं होतं. नवरी लाजते, हसू दाबते, मान हलायचीच. मग सत्यभामाबाईंच्या घरचा पंधरा माणसांचा फोटो हलला, तेही तिनं मानलं. पंधरा माणसं एका वेळी दम धरत नाहीत. पण हिंमतराव कसे हलले, हे तिला काही केल्या उमजेना.

हिंमतराव वारले होते.

डोणगावात रीत होती. म्हातारं माणूस गेलं की आंघोळ घालून, पटका बांधून, हार घालून त्याला खुर्चीत बसवायचं, छातीखालून पंचाची पट्टी घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधायचं आणि फोटोवाल्या शेषरावांना बोलवायचं. शेषराव कॅमेऱ्याच्या तोंडावरची टोपी हातानं काढायचे, सवयीनं ‘हलू नका’ म्हणायचे, मनात दोन मोजून टोपी लावायचे. इतकं स्थिर गिऱ्हाईक फोटोवाल्याला दुसरं मिळत नाही. आणि त्या फोटोत हिंमतरावांना दोन मिशा आल्या, एक ओठावर, एक जरा बाजूला.

घरच्यांनी फोटोला हात जोडले. “जीव जाऊन राह्यला थो दिसते,” म्हणाले.

“हाव,” शेषराव म्हणाले.

कोकिळा शेषरावांची बायको. नवरा फोटो काढायचा, ज्या काचेवर तो उठायचा ती काच धुवायचा, आणि ती खिडकीशी बसून काचेवरचे देवीचे वण पेन्सिलीनं बुजवायची, नको ते डाग पात्यानं खरवडायची. अर्ध्या डोणगावाला तिनं साजरं केलं होतं. पण हललेला माणूस पेन्सिलीनं थांबत नाही.

एक जेवण

“दादा, राग नका मानू,” शेषरावांचा धाकटा भाऊ इंद्रभान ताटावर म्हणाला. “मेलेला माणूस हालते का?”

“जमीन हालली असंन.”

“भूकंप झाला म्हंता डोणगावात, अन् आमाले कोणालेच समजलं नाई.”

कोकिळाला हसू आलं. तिनं भाकरी मोडता मोडता ते गिळलं. इंद्रभान वाईट नव्हता. त्याला रस्त्यावरची समोरची खोली हवी होती, फवारणीचे पंप आणि बियाणं ठेवायला. त्या खोलीत कॅमेरा होता. टोपी काढताना भावाचा हात कापत असेल, हात गेला असेल, तर कॅमेरा कशाला, एवढंच त्याचं म्हणणं.

हात गेला आहे का, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शेषराव चहाचा कप नीट धरत. सुईत दोरा ओवत. कधी कधी मात्र रात्री त्यांचा हात अंथरुणावर आपला आपला, झोपलेल्या कुत्र्याच्या पायासारखा हलायचा. पण झोपेत कोणाचा हात हलत नाही?

त्या कार्तिकात पहाटे पूर्वेला शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, उगवत होतं. महाराष्ट्र होऊन पाच वर्षं झाली होती, लढाई नुकतीच थांबली होती, आणि लोक दोन्हीचा संबंध त्या शेपटीशी लावत होते. शाळेचे हेडमास्तर पंजाबराव मात्र खूश होते. बुलढाण्याच्या प्रदर्शनासाठी त्यांना त्याचा फोटो हवा होता, तोही लोणारच्या तळ्याकाठून, खाली पाण्यात शेपटी उतरलेली दिसेल असा.

“समुद्र आपल्याला कुठला,” ते म्हणाले, “पण खारं पाणी आहे, वाळू आहे, काठ आहे. वीस मिनिटं टोपी काढून ठेवा, शेषराव.”

वीस मिनिटांत काय होतं, हे हेडमास्तरांनी सांगितलं नाही, कारण फोटोवाल्याला ते माहीत असणारच. शेषरावांनी विचारलं नाही, कारण फोटोवाल्याला ते माहीत असायला हवं.

“दादा,” इंद्रभान म्हणाला, “हे शेंडेनक्षत्र साजरं काढून आना, म्या खोलीचं नाव काढत नाई. नाई जमलं तं पंप येतीन.”

“मंजूर.”

वीस मिनिटं

मेहकरहून एस.टी., लोणारच्या धर्मशाळेत चार तास, मग कंदील घेऊन खाली. पायवाट संपली तिथं बाभळी, बाभळी संपल्या तिथं पांढरी, पापुद्रे धरलेली जमीन. पाय ठेवला की चुरचुरायची आणि खालून चिखल लागायचा. सडक्या अंड्यासारखा वास. कॅमेऱ्याच्या तिन्ही पायांखाली कोकिळानं चपटे दगड सरकवले.

वर पाहिलं. पूर्वेच्या कड्यावर कोणीतरी खराटा उभा करून ठेवला होता. खाली पाण्यात दुसरा, उलटा.

“घड्याळ पाह्य,” शेषराव म्हणाले.

टोपी काढली.

तीच वीस मिनिटं

टोपी काढली आणि शेषरावांनी हात मागे घेतला, घोंगडीत घातला.

किंवा

टोपी काढली आणि शेषरावांनी हात कॅमेऱ्यावरच ठेवला, नव्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, बराच वेळ, आणि मग घोंगडीत घातला.

पुढे कोकिळानं हे शंभरदा आठवून पाहिलं. कंदील विझवलेला होता. ती वर बघत होती, मधूनच घड्याळाकडे. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच स्पष्ट दिसत.

एक दिवस

शेषरावांनी अंधाऱ्या खोलीत काच धुतली, लाल दिव्यापुढे धरली, लाकडी घोडीवर वाळत ठेवली आणि जाऊन निजले. सकाळचे दहा वाजले होते.

कोकिळानं काच उजेडाला धरली. एकही तारा जागेवर नव्हता. प्रत्येकाची बोटाच्या पेराएवढी रेघ, वरच्या सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, पाण्यातल्या उलट्या. शेंडेनक्षत्र पोतेरं फिरवल्यासारखं फासलेलं.

हललं. वीस मिनिटं आख्खं आभाळ हललं, आणि इंद्रभान संध्याकाळी बाजारातून येणार होता.

ती खिडकीशी बसली. नीट पाहिलं तर प्रत्येक रेघेच्या एका टोकाशी एक गाठ होती, रेघेहून जाड. हाच तारा, तिला वाटलं, उरलेलं सगळं हललेल्या हाताचं. तिनं गाठी ठेवल्या, पेन्सिलीनं गोल केल्या, रेघा पात्यानं खरवडल्या. एक्केचाळीस वर, सात पाण्यात. शेपटीच्या दोन्ही कडा खरवडून तिला मापात आणलं. उन्हं कलली तेव्हा आभाळ उभं होतं, एकही तारा हलत नव्हता.

शेषराव उठले, तिनं छापलेला कागद त्यांनी बराच वेळ पाहिला.

“मले तं रेघा दिसल्या होत्या वं.”

“ओल्या काचेवर तसं दिसते.”

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, परत पाहिलं. रात्री म्हणाले, मेहकरच्या डॉक्टरला डोळे दाखवून येतो. कोकिळाला कळेना, आपण त्यांचा हात वाचवला की डोळे घालवले.

कितीही वेळ

हेडमास्तर आले. इंद्रभान दाराला टेकून होता. पंजाबरावांनी फोटो आधी लांब धरला, मग चष्म्याजवळ आणला.

“वीस मिनिटं ठेवली होती ना, शेषराव? की वीस सेकंद?”

“वीस मिन्टं. घड्याळ हिच्याजवळ होतं.”

“मग तेवढा वेळ पृथ्वी थांबली होती का?”

हेडमास्तरांनी समजावून सांगितलं. आपण फिरतो, तारे सरकतात, एवढ्या वेळात प्रत्येक ताऱ्याची रेघ उठायला हवी, सगळ्यांची सारखी, आरंभापासून शेवटापर्यंत एका जाडीची. “हे आभाळ नाही,” ते म्हणाले, “हे कोणीतरी बसून काढलंय.”

“म्हंजे रेघा आल्या असत्या तं बरोबर होतं?” इंद्रभाननं विचारलं.

“तर बरोबर.”

“आल्या होत्या,” कोकिळा म्हणाली. “म्या खरवडल्या.”

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. हिशोब न लागणाऱ्या माणसासारखं.

“कशा होत्या?”

“सरळ.”

“साऱ्या?”

कोकिळाला बोलायचं नव्हतं, पण खोटं बोलून आत्ताच काय झालं ते समोर होतं. “एका टोकाले गाठ होती. साऱ्यांचीच. म्या गाठी ठेवल्या, रेघा काढल्या.”

म्हणजे काचेवर आता जे होतं ते नेमकं काय होतं? तारे, की शेषरावांचा हात? तिनं गाठी गोल केल्या होत्या. आत काही वळवळ होती की नव्हती, हे पाहायला तिनं काही ठेवलंच नव्हतं.

“गाठ येऊ शकते,” हेडमास्तर म्हणाले. “सुरुवातीला आभाळ स्वच्छ, मग पाण्यावरून धुकं आलं, तर पुढची रेघ बारीक होते. किंवा सुरुवातीला कॅमेरा हलला, तरी गाठ. काचेवरून सांगता आलं असतं.”

“धुकं होतं का वयनी?”

तिनं डोळे मिटले. पांढरी जमीन दिसली, खराटा दिसला, घड्याळाचा काटा दिसला. धुकं होतंही आणि नव्हतंही.

“आठवत नाई.”

मग शेषराव म्हणाले, “उद्या पहाटे पुन्हा जातो. अजून दोन-चार रोज दिसंन थे. टोपी कोकिळा काढंन.”

“काऊन?” इंद्रभान.

“माहे डोळे बरोबर नाईत.”

कोकिळा गोंधळली. रेघा खरंच होत्या, त्यांना खरंच दिसल्या होत्या, हे आत्ताच चौघांसमोर सिद्ध झालं होतं. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

“कोणाच्या का हातानं निघंना,” इंद्रभान म्हणाला, “साजरा निघाला तं पंप मागं ठेवतो.”

पुन्हा वीस

तळ्याकाठी शेषरावांनी कॅमेऱ्यात नवी काच भरली, कापडात डोकं घालून कॅमेरा लावून दिला आणि दहा पावलं मागे जाऊन पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. घोंगडी गळ्यापर्यंत. हात आत.

“काढ.”

तिनं टोपी काढली आणि हात झटकन मागे घेतला. शेंडेनक्षत्र आता फिकं होतं. सातव्या मिनिटाला पाण्यावरून धुकं उठलं, काठाला लागलं, तिच्या पदराला ओल आली, मग पातळ झालं. बाराव्या मिनिटाला पुन्हा आलं. या वेळी ती आभाळाकडे पाहत नव्हती. मधेच तिनं मागे वळून पाहिलं. घोंगडीच्या आत काही हलतंय का, ते त्या अंधारात कळत नव्हतं.

काच दोघांनी मिळून धुतली. लाल दिव्यापुढे शेषरावांनी ती धरली नाही, तिलाच धरायला लावली.

रेघा आल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या, तासलेल्या. तिनं एकेक पाहिली. गाठ कुठेच नव्हती, दोनदा धुकं येऊनही.

बाहेर इंद्रभान वाट पाहत होता.

“आज धुकं नवतं ना वं?” शेषरावांनी हळूच विचारलं.

पाण्याचं एक भांडं दोघांच्या मधे होतं. त्यांचा उजवा हात त्या भांड्याच्या काठावर होता, आणि पाणी हलत होतं. पण काच नुकतीच धुतली होती, हलणारच.

“नवतं,” कोकिळा म्हणाली. “बिलकूल नवतं.”

त्यांनी मान डोलावली आणि इंद्रभानला आत बोलावलं.