दाराबाहेर हजर

बंधुमंडळाला शंभर वर्षं पूर्ण व्हायला आली, तेव्हा मंडळाच्या ध्यानात आलं की आपला इतिहास आपल्यातल्या कुणालाच वाचता येत नाही. इतिहास होता, नव्हता असं नाही. सभांच्या एकोणतीस जाडजूड वह्या होत्या, त्या कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे असावी यावर झालेल्या भांडणांची एक वेगळी वही होती. पण जुन्या चिटणिसांची अक्षरं अशी एकेक, की बंधूंनी चष्मे बदलून पाहिले, खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि शेवटी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

म्हणून सुईताईला बोलावणं आलं.

सुईताईनं एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. शंभर पानांत एक वेलांटी चुकली तरी तिला सुईसारखी टोचायची, म्हणून छापखान्यानं ठेवलेलं हे नाव. बोलायची इतकं हळू, की ऐकणारा आपोआप पुढे वाकायचा. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि दातांच्या डॉक्टरला शोभू नये इतके गोड बोलायचे. ते म्हणाले, "ताई, वह्या वाचून शताब्दीचं पुस्तक लिहायचं, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार? फक्त एक आहे. बायकांना सभागृहात प्रवेश नाही. शंभर वर्षांची परंपरा. तुमची सोय आपण बाहेर केलीय, दारापाशी."

इतिहास बाईनं लिहिला तर चालत होतं, इतिहास जिथे घडला ती खोली तिनं पाहिली तर बाटत होती. दाराबाहेरच्या अरुंद बोळात एक टेबल होतं, एक दिवा होता आणि द्वारपालाचं स्टूल होतं. त्या स्टुलावर सुईताई बसली, कारण तिथे बसण्यासाठीच तर ती आली होती.

तिचे वडील एकोणीस वर्षं या मंडळाचे द्वारपाल होते. पोटापाण्याला कुलपं दुरुस्त करायचे. मंडळात मात्र निळा पट्टा खांद्यावर घालून बंद दाराबाहेर बसायचे. इमारतीवर 'बंधू लॉज' अशी पाटी असल्यामुळे वाटसरू जिने चढून खोली मागायला यायचे. वडील त्यांना सांगायचे, "इथे मुक्काम नसतो हो, इथे नुसत्या शपथा असतात," आणि पुढच्या चौकातलं हॉटेल दाखवायचे. मंडळानं शंभर वर्षांत वाटसरूंची केलेली सेवा म्हणायची तर एवढीच, आणि तीही दाराबाहेर.

सव्वीस वर्षांपूर्वी ते गेले. बंधूच्या अंत्ययात्रेला सगळ्यांनी यायचं, ही सात शपथांपैकी तिसरी. आईनं मंडळाला निरोप धाडला. कुणी आलं नाही. चार दिवसांनी चिटणीस आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, म्हणाले, "पट्टा परत द्यावा लागेल. त्यांचं नाव नोंदीतून कमी झालेलं आहे."

"का? काय केलं ह्यांनी?" आईनं विचारलं.

"ते सांगता येत नाही. गुप्त आहे."

आईनं पट्टा घडी करून दिला. त्या दिवसापासून रोजच्या प्रार्थनेत नवऱ्याचं नाव घेऊन झालं की ती एक वाक्य जोडायला लागली, 'ह्यांनी जे काही केलं असेल, ते पोटात घाल.' सव्वीस वर्षं, एक दिवस खाडा नाही. आता ती सत्त्याऐंशीची होती, नजर गेलेली, पण नेम चुकत नव्हता. सुईताईला ते वाक्य रोज कानावर पडायचं आणि रोज टोचायचं. बाबांनी काय केलं असेल? कुणाचं कुलूप उघडलं? कुठली गोष्ट फोडली? आईनं विचारायचं थांबवलं होतं, पण बोलावणं आलं त्या दिवशी एवढंच म्हणाली, "वह्या हाताशी येतील ना तुझ्या? जे असेल ते सांग. वाईट असलं तरी सांग. नेमकं काय माफ करायचं, ते देवाला तरी सांगता येईल."

तर सुईताई वाचू लागली. पहिल्या दोन महिन्यांत तिला मंडळ पुरतं कळलं. शपथ देण्याचा सोहळा दीड तास चालायचा आणि त्यातला शब्दन् शब्द वहीत असायचा. शपथ पाळल्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. आजारी बंधूला भेटायला समिती नेमायचे, समितीचा अध्यक्ष निवडायचे, अध्यक्षपदावरून रुसायचे, आणि रुसवा निघेपर्यंत आजारी बंधू बरा तरी व्हायचा नाहीतर कायमचा मोकळा व्हायचा. मग दोन मिनिटं स्तब्ध उभे राहायचे. स्तब्ध उभं राहणं मात्र त्यांना फार छान जमायचं. टोपी कुठल्या हातात धरावी यावर सलग अकरा सभा चर्चा झाली होती. रोज चार ओळींची प्रार्थना म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे वाचून हसावं की वह्या मिटून उठावं, कळेना.

तिसऱ्या महिन्यात एकोणिसावी वही उघडली, आणि वडील सापडले.

रीत अशी होती. सभेचं दार आतून बंद झालं की चिटणीस एकेकाचं नाव पुकारायचा, तो उभा राहून 'हजर' म्हणायचा. सगळ्यांत शेवटी चिटणीस ओरडायचा, 'दाराबाहेर?' मग बाहेरून द्वारपाल दारावर तीनदा टकटक करायचा. ती ऐकल्याशिवाय सभा सुरू होत नसे आणि दारही उघडता येत नसे. जुना चिटणीस त्यापुढे लिहायचा, 'बाहेरून हजर.' मग चिटणीस बदलला. नव्या चिटणिसाचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं, आणि त्या मोत्याच्या दाण्यांत त्यानं पहिल्याच सभेला वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'गैरहजर.' दुसऱ्या सभेला, गैरहजर. अशा बारा सभा. त्यापुढच्या पानावर: 'सलग बारा सभा गैरहजर राहिल्याने कलम नऊप्रमाणे नाव कमी केले.' आणि त्याच पानावर, चार ओळी खाली: 'दारावर चोख बंदोबस्त होता.'

सुईताईनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पुढची पानं भराभर उलटली. नाव कमी झाल्यावरही वडील सात वर्षं त्या स्टुलावर बसत होते. दर सभेला बंदोबस्त चोख होता. त्यांच्यानंतर चार द्वारपाल झाले. चौघांचीही नावं वर्षाच्या आत कमी झाली होती. मंडळाला याचं फार नवल वाटलं होतं. एका सभेत गंभीर चर्चा होऊन 'ते स्टूलच अपशकुनी आहे' असं ठरलं होतं आणि स्टूल तीनदा बदललं होतं.

तो मोत्याच्या अक्षराचा चिटणीस जिवंत होता, आणि अजूनही चिटणीसच होता. त्याला सगळे नियमकाका म्हणायचे. वयाची चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. दुसऱ्या दिवशी तो जिना चढून आला तेव्हा सुईताईनं वही पुढे सरकवली.

"काका, हे बारा वेळा गैरहजर कसे?"

"उत्तर दिलं नाही."

"दार बंद होतं. ते बाहेर होते."

"बरोबर. द्वारपालाची जागा बाहेरच."

"मग उत्तर कसं देणार?"

"ते त्यांनी मला विचारायला हवं होतं."

"टकटक ऐकू यायची?"

"स्पष्ट! तीनदा. एकदाही चुकली नाही." काकाच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "पण कलम काय म्हणतं? उभं राहून तोंडानं 'हजर' म्हणावं. टकटक म्हणजे तोंडानं म्हणणं नव्हे. माझ्या आधीच्या चिटणिसानं फार ढिलाई केली होती."

"त्यांना कळवलंत?"

"नाव कमी झालेल्या इसमाला मंडळाचं कामकाज सांगता येत नाही. शपथ आहे."

"आणि नाव कमी व्हायच्या आधी?"

"आधी नाव कमी झालेलंच नव्हतं. सांगायचं काय?"

सुईताईनं वही आपल्याकडे ओढून घेतली. बाबांनी खून केला असता तर जाब विचारणारा एखादा माणूस तरी समोर उभा राहिला असता. इथे समोर होता नुसता बटणं लावलेला कोट.

"आमच्या घरी पट्टा मागायला तुम्हीच आला होतात," ती हळूच म्हणाली.

काका पुढे वाकला. "काय म्हणालात?"

"काही नाही."

तिनं मग तिला येत होतं ते केलं. छापलेल्या पुस्तकात चूक राहिली की छापखाना शेवटी एक चिठ्ठी चिकटवतो, तसं शुद्धिपत्र लिहिलं. 'वही एकोणिसावी, पान बेचाळीस, ओळ नववी: गैरहजर ऐवजी हजर वाचावे.' अशा बारा ओळी. तेरावी ओळ: 'नाव कमी केले, हे वाचू नये.' ते तिनं शताब्दीच्या पुस्तकाच्या शेवटी लावलं आणि पुस्तक अध्यक्षांच्या हातात दिलं.

पुस्तकाला मंजुरी द्यायची सभा रविवारी दुपारी होती. अध्यक्ष अर्धा तास आधी आले आणि स्टुलाशेजारी उभे राहून गोड हसले.

"ताई, पुस्तक झकास. 'मंडळातील शिस्त' हे प्रकरण तर वा! फक्त ते शेवटचं पान काढू या."

"का?"

"अहो, शुद्धिपत्र म्हणजे चुका झाल्याची कबुली. शताब्दीला कबुली कुणी देतं का? आणि वह्या कायम झालेल्या आहेत. पुढच्या सभेत वाचून, हात वर करून कायम. कायम झालेलं बदलता येत नाही."

"खोटं असलं तरी?"

"खोटं कसं? कायम झालंय ना!" अध्यक्षांना खरंच समजत नव्हतं. "तुमच्या भावना पोचल्या हं मला. आपण असं करू, ऋणनिर्देशात सेवकवर्गात त्यांचं नाव घालू. झाडलोट करणारे, पाणी भरणारे, दार सांभाळणारे. खाली, पण ठळक."

"ते बंधू होते. सातही शपथा घेतल्या होत्या."

"मनात आहेतच की ते आमच्या! आईंना सांगा, बंधूंच्या हृदयात त्यांना कायमची जागा आहे."

"आई वहीतलं विचारते," सुईताई म्हणाली.

तेवढ्यात बंधू येऊ लागले. टोप्या, पट्टे, खोकले, एकमेकांच्या पाठीवर थापा. सगळे आत गेल्यावर अध्यक्ष पुन्हा बाहेर आले, या वेळी जरा घाईत.

"एक छोटी अडचण आहे, ताई. आजच्या द्वारपालाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. येणार नाहीत. आणि बाहेरून टकटक झाल्याशिवाय सभा सुरू होत नाही. तुम्ही इथे बसलेल्याच आहात. आतून 'दाराबाहेर?' असं ऐकलंत की तीनदा टकटक करायची. बस्स. बाई असलात तरी चालेल, दाराबाहेरच आहात."

"मी नाही करणार."

"अहो, अवघड काही नाही त्यात."

"अवघड नाही म्हणूनच सांगते. मी टकटक करणार नाही. तुम्ही कुणालातरी बाहेर बसवा."

अध्यक्ष हसले. इतक्या हळू आवाजातला नकार त्यांना नकार वाटलाच नाही. "कराल हो, कराल," म्हणून ते आत गेले. बाहेर बसायला कोण तयार होतं? स्टूल अपशकुनी होतं. जाड दार बंद झालं, आतला अडसर पडला.

सुईताईनं चष्मा डबीत ठेवला. पेन्सिली गोळा केल्या. एकोणिसावी वही दारापाशी नीट ठेवली. शुद्धिपत्राची आपली प्रत घडी करून पिशवीत घातली. आतून एकेक नाव येत होतं आणि एकेक 'हजर' उठत होता. कुणी खाकरून, कुणी घुमवून, आणि सगळे असे की हजर राहणं हाच मोठा पराक्रम.

मग नियमकाकाचा आवाज आला, "दाराबाहेर?"

सुईताई उभी राहिली.

"दाराबाहेर?" काकानं पुन्हा विचारलं. आत कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी म्हणालं, "उघडून बघा ना." आणि काका कडाडला, "टकटक झाल्याशिवाय दार उघडता येत नाही! कलम चार!"

"दाराबाहेर?"

"गैरहजर," सुईताई म्हणाली. नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली. जाड लाकडातून ते आत गेलं असावं, कारण आत एकदम गलका उडाला. कलम चारचा अर्थ काय, बाईचा आवाज गृहीत धरता येतो का, समिती नेमावी का. ती जिना उतरून रस्त्यावर आली तरी वरच्या खिडकीतून तो ऐकू येत होता. बाहेर कुणीच आलं नाही.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. सुईताईनं कागद उलगडला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. बाराही ओळी वाचल्या. मग स्टुलाचं सांगितलं, टकटकीचं सांगितलं.

"म्हणजे," आई म्हणाली, "हे दारातच होते?"

"दारातच."

"आणि दुसरं काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि त्यांना कळलंही नाही?"

"नाही. सात वर्षं तसेच जात राहिले."

"पट्ट्याला इस्त्री करून द्यायचे गं मी," आई म्हणाली. तिचा हात कागदावरून फिरला, जणू ओळी बोटांना लागतील. "सव्वीस वर्षं मी देवापुढे ह्यांची तक्रार केली."

"तक्रार कुठे? माफी मागितलीस."

"न केलेल्या गोष्टीची माफी म्हणजे तक्रारच की."

संध्याकाळी आई नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. चार ओळी म्हणून झाल्या. नवऱ्याचं नाव घेतलं, आणि सवयीनं पुढचं वाक्य ओठांवर आलं तिथे थांबली. सुईताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

"त्या आतल्या लोकांनी जे केलंय, ते पोटात..." आई म्हणाली. मग विचार केला, हात जोडलेलेच. "नको, राहू दे. आज नको."