टँकाच्या तळाशी भरलेली सभा

मित्रांनो, फाटकावरच्या पाटीवर माझे नाव 'सार्वजनिक जलतरण तलाव' असे भारदस्त लिहिलेले होते, पण त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. लहानथोर सगळे मला नुसते टँक म्हणत. मी या शहराचा जुना, उघडा टँक. वर छप्पर नाही, फक्त आभाळ. आज मी तुम्हाला माझ्या मोडण्याची गोष्ट सांगणार आहे. डोळे पुसायला रुमाल काढू नका. ही गोष्ट आनंदाची आहे, आणि ती कधी एकदा सांगतो असे मला झाले आहे.

मला बांधले तेव्हा आजूबाजूला मोकळे माळ होते. मजुरांनी खड्डा खणला, सळ्यांची जाळी अंथरली, काँक्रीट ओतले आणि वर निळ्या फरशा बसवल्या. पहिले पाणी खोल बाजूला जमले आणि हळूहळू चढत उथळ बाजूपर्यंत आले. माझ्या अंगभर गुदगुल्या झाल्या! लोकांनी एकमेकांना पाण्यात पाहणे वाईट असते म्हणतात. माझ्याकडे मात्र भांडून आलेली भावंडे एकमेकांना पाण्यात पाहिले की हसू लागत.

पोहायला शिकवत ते बेडूकसर. पहिल्याच दिवशी ते मुलांना काठावर पालथे झोपवून बेडकासारखे पाय मारायला लावत, म्हणून हे नाव. नाकातोंडात पाणी गेले म्हणून भोकाड पसरणारी पोरे त्यांच्या हाताखाली महिन्याभरात मासोळ्या होत. तिकिटाच्या खिडकीत बसे त्यांची धाकटी बहीण. तिला सगळे खिडकीताई म्हणत. लहानपणच्या आजारात तिच्या पायांतले बळ गेले होते आणि ती चाकांच्या खुर्चीतून ये-जा करी. कामाला धारदार, जिभेला त्याहून. फुकट घुसू पाहणाऱ्या भल्याभल्यांची ती गाळण उडवी. गर्दी ओसरली की ती काठाशी येऊन बसे आणि पाण्याकडे बघत राही. तिला पोहण्याची आवड नाही, असे सर्वांनी धरूनच टाकले होते. मीही.

मग माझे वय झाले. फरशा निसटू लागल्या, तळाला तडे गेले. लोकांनी वरून भरावे आणि मी खालून गळावे, असे चालले. ठिगळावर ठिगळ लावून झाले. शेवटी मला रिकामे केले आणि फाटकाला कुलूप घातले. माझ्या पोटात सुकी पाने साठली. एक मांजर तेवढे नेमाने येई, तेही उन्हाला.

एका रविवारी सकाळी ते कुलूप उघडले. मला पाडून इथेच नवा टँक बांधायचा की नाही, हे ठरवायला नगरपालिकेने सभा बोलावली होती. माणसे इतकी आली की कचेरीच्या खोलीत मावेनात. कोणीतरी म्हणाले, मग टँकातच बसू या की. आणि मित्रांनो, सगळे शिड्या धरून माझ्या तळात उतरले! मोठी माणसे खोल बाजूला, मुले उथळ बाजूला, जशी पोहताना असत तशीच. पाण्याचा थेंब नसताना मी भरून गेलो.

इंजिनिअर बाईंनी नव्या टँकाचा नकाशा उलगडला. तेवढ्यात बेडूकसर उभे राहिले. हे काम त्यांना मुळीच पसंत नव्हते. जुने झाले म्हणून कोणी घरातल्या वडीलमाणसाला पाडते का, असे त्यांनी विचारले. मला दुरुस्त करा, हाच त्यांचा हट्ट होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा ऊर भरून आला. आता विषय मिटला, असे सगळ्यांना वाटले.

तोच वरून आवाज आला, "मला नवा हवाय."

खिडकीताई काठावर एकटीच होती. खाली यायला शिड्याच होत्या ना!

बेडूकसर गोंधळले. "अगं, तुला काय फरक पडतो? तू कुठं पोहतेस?"

"पोहत नाही, कारण येता येत नाही, दादा. मलाही पाण्यात यायचंय."

"मग सांगायचंस की. मी उचलून आणलं असतं."

"माहीत आहे. पण मला माझी मी यायचंय. मनात येईल तेव्हा."

अर्ध्या शहराला पोहायला शिकवणारा तो माणूस मान वर करून बहिणीकडे बघतच राहिला.

खुर्ची थेट पाण्यात नेता येईल असा उतार करता येईल का, असे ताईने बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, करता येईल, पण जागा लागेल. शर्यतीच्या पट्ट्यांपैकी एक कमी करावा लागेल. सगळ्यांच्या नजरा बेडूकसरांकडे वळल्या, कारण ते पट्टे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते थोडा वेळ माझ्या फरशीवर बोट फिरवत राहिले.

"एक पट्टा गेला तरी चालेल," ते म्हणाले. "उतार करा."

भराभर हात वर झाले. माझा निकाल लागला होता, आणि खरे सांगतो, मी मोडायला उतावीळ झालो! यंत्रे आली. पहिला घाव बसला तेव्हा दुखले, पण कुंपणापाशी उभ्या मुलांच्या घोळक्यात ते दोघे भाऊबहीण दिसले आणि मी म्हणालो, चला, होऊन जाऊ द्या. माझ्या काँक्रीटचा चुरा वाया गेला नाही. तो नव्या उताराखाली भराव म्हणून दाबून बसवला. म्हणून तर मी अजून इथे आहे.

नवा टँक उघडला त्या दिवशी मुलांना आवरता आवरेना. पण पहिला मान ताईचा होता. पाण्यात चालणारी खुर्ची तिने स्वतः लोटली. माझ्या डोक्यावरून चाके गेली. पाणी तिच्या घोट्याला लागले, गुडघ्याला, कमरेला. गारव्याने तिचा श्वास अडकला आणि मग ती हसत सुटली.

थोड्याच दिवसांत बेडूकसर तिला पाठीवर तरंगायला शिकवू लागले. एरवी शिकणारे प्रत्येक पोर 'सर, हात सोडू नका' म्हणून विनवत असे. ताई म्हणाली, "दादा, आता हात सोड."

त्यांनी सोडला. ती तरंगली.

मित्रांनो, नव्या टँकात अंग धुऊन उतरा, खाऊचे कागद टाकू नका, फरशी निसटली तर लगेच कळवा. जपलात तरच तो माझ्याएवढा म्हातारा होईल. आणि उडी मारण्याआधी एकदा काठाकडे नजर टाका. तिथे कोणी बसलेले असेल तर त्याला आवड नाही, असे धरून चालू नका. विचारा.