आतल्याला कोण अडवणार

मित्रांनो, मला कोणी पाहिलेलं नाही, पण माझ्या हातचं पुष्कळांनी घेतलं आहे. मी एक जुना प्लगिन आहे, म्हणजे वेबसाइटला जोडलेला छोटासा प्रोग्रॅम. एका रक्ततपासणी केंद्रात चार वर्षं चाकरीला आहे.

माझं काम हरकाम्याचं. पेशंटने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो इंटरनेटवर जिथे ठेवला असेल, तिथला पत्ता फॉर्मच्या चौकटीत लिहायचा. मी जायचं, फोटो आणायचा, पडद्यावर मांडायचा. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "न बोलता राबतो, असा माणूस शोधून सापडायचा नाही," असं मालकीणबाई म्हणत. त्यांना न बोलणारेच आवडत.

ज्याने मला लिहिलं, त्याने मला धावायला शिकवलं. पत्ता कोणाचा, तिथे जावं की नाही, हे विचारायला शिकवलं नाही. पुढे त्याला चूक उमगली. त्याने दुरुस्ती पाठवली आणि माझ्या नावापुढे लाल ठिपका उमटला. तो एकदा दाबला की मी शहाणा होणार होतो.

पण वेबसाइट बघायचे मालकीणबाईंचे दीर. मागे असाच एक ठिपका दाबला, तेव्हा बाईंचा फोटो वेळापत्रकाच्या खाली गेला आणि घरात दोन दिवस अबोला झाला. तेव्हापासून संगणकाला चिठ्ठी चिकटली: 'लाल ठिपक्याला हात लावू नये.'

रक्त घेणारी ताई तिथे अकरा वर्षं होती. तिने दोनदा सांगून पाहिलं.

"दादा, त्या ठिपक्याच्या सूचनेत लिहिलंय, बाहेरचा माणूस या फटीतून आतलं काढून नेऊ शकतो."

"ताई, तुम्ही सुया टोचा. भोकांचं मी बघतो."

मालकीणबाई हसल्या.

सात महिने गेले. मग एका दुपारी कोणीतरी चौकटीत फोटोचा पत्ता न लिहिता केंद्रातल्याच रिपोर्टांच्या संगणकाचा पत्ता लिहिला. बाहेरच्याला तो संगणक दारातही उभं करत नाही. मी मात्र घरचा. आतून आलेल्याला पासवर्ड विचारायचा नाही, ही तिथली रीत. मी गेलो, रिपोर्ट उचलले आणि नेहमीच्या अदबीने त्या बाहेरच्याच्या हाती ठेवले.

आठवड्याने एक बसचालक आला. त्याच्या आजाराचा कागद त्याच्याआधी डेपोत पोहोचला होता आणि त्याला गाडीवरून उतरवलं होतं. तो ओरडला नाही. "बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं हो मी," एवढंच म्हणाला.

रिपोर्टांच्या खोलीची किल्ली ताईकडे. झालं, चोर सापडला.

"घरभेद्याशिवाय हे होत नाही," दीर म्हणाले. बोलले ते खरंच. फक्त बोट चुकीच्या माणसाकडे होतं.

"एकदा संगणकातल्या नोंदी तरी उघडून बघा," ताई म्हणाली.

"आता तू आम्हाला संगणक शिकवणार?" मालकीणबाई म्हणाल्या.

नोंदीत सगळं होतं: माझं नाव, वेळ, पत्ता. ताईने किल्ली टेबलावर ठेवली. जाताना सवयीने वापरलेल्या सुयांचा डबा नीट बंद केला आणि गेली.

मित्रांनो, ती नोंद अजून तिथेच आहे. कोणी उघडलेली नाही. जुन्या चिठ्ठीचा गोंद सुटला, म्हणून दीरांनी काल नवी लावली. या वेळी पडद्यावर, थेट ठिपक्यावर.

तुमच्याकडे असा ठिपका दिसला, तर सांगणाऱ्याचं एकदा ऐका. धावणाऱ्याचं कौतुक करण्याआधी तो कुठे धावतो ते विचारा. मला ते अजून कोणी विचारलेलं नाही. मी कामावर आहे. पत्ता लिहा, मी निघालोच.