विहाराच्या दारातल्या कुबड्या

बडनेऱ्याच्या मोतीरामबाबांना कुणाचा सल्ला मानवतच नसे. चौतीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर चाललेला माणूस; मांडीचं हाड मोडून आत सळई बसली, तरी ‘मले चालणं काय शिकवता?’ हा ताठा शाबूत. शेजारच्या खुशालरावांच्या काखेत धरायच्या जुन्या कुबड्या त्यांनी मागून आणल्या आणि आठ दिवसांत हातांना मुंग्या आणून घेतल्या.

तेव्हा कुठे बायको, जाईबाई, त्यांना ऑटोत घालून अमरावतीला प्रियदर्शनीकडे घेऊन गेली. ही पोरगी मोडल्या हाडांच्या लोकांना चालायला शिकवायची. तिने कोपराखाली हाताला कडं बसणाऱ्या कुबड्या निवडल्या, बाबांना चपलेसकट सरळ उभं केलं, मूठ मनगटाच्या उंचीला आणली आणि बटण भोकात खट्‌कन बसलं का ते स्वतः पाहिलं.

“कोपर थोडं वाकलेलं राहू द्या, बाबा. आधी कुबड्या, मग दुखरा पाय, मग चांगला. पायऱ्या चढताना मात्र चांगला पाय आधी. आणि ओल्या फरशीवर जपून.”

“मले मेणबत्ती लावता येईन का?”

वस्तीतल्या विहारात वीस वर्षं दर रविवारी पहिली मेणबत्ती बाबा लावत आणि वंदना सांगत. चार महिने ते काम दुसरेच करत होते. आपली जागा कायमची गेली, या भीतीने म्हाताऱ्याचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

“येईल की. भार एका कुबडीवर ठेवून दुसरा हात सोडायचा. कुबडी कड्यामुळे हातालाच लटकून राहते. बाजूला कुणी उभं मात्र पाहिजे.”

तीन आठवडे अंगणात सराव झाला. रविवारी विहाराच्या तीन पायऱ्या बाबा नीट चढले. दारात चपला काढल्या आणि जन्माची सवय, कुबड्याही चपलांशेजारी भिंतीला टेकवल्या. भिंत धरून एक पाऊल आत टाकलं. फरशी नुकतीच पुसलेली. पाय सटकला. मागून जाईबाईने कमरेला मिठी घातली म्हणून निभावलं. दोघंही उंबऱ्यावर बसली.

बाबांचे डोळे भरून आले. “झालं. माह्याच्यानं होत नाई. चाल घरी.”

जाईबाईचा आवाज चढला. “कुबड्या भाईर काहून ठेवल्या?”

“रस्त्याची घाण लागली त्याईले. चपलेसारख्याच ना त्या!”

“चपला काढून माणूस चालते. ह्या काढून तुमी पडता. मंग ह्या चपला की पाय? पाय कोनी भाईर ठेवून येते का?”

तिने नळावर कुबड्यांची रबरी बुडं धुतली, पदराने कोरडी केली आणि त्या बाबांच्या हातांत चढवल्या. ओली फरशी कुणीतरी पुसून घेतली. सगळे बसून वाट पाहत होते. जाईबाईने काडी पेटवून दिली. बाबांनी उजवा हात सोडला आणि मेणबत्ती लावली. मग वंदनेचा पहिला शब्दही त्यांनीच सांगितला.

वंदना संपली तरी बाहेर ओट्यावर बेबीताई बसूनच होती. काठी चपलांत ठेवावी लागते म्हणून ती वर्षभर तिथूनच हात जोडायची. तिने काठी उचलून पुढे केली.

“जाई, माह्या काठीचं बूडबी पूस ना व.”