मुहूर्ताचा कापूस, अमावस्येचा कापूस

माही पोरगी रुपा अंधश्रद्धा तपासणारी वेबसाइट चालवते. तिनं आमच्या बाजारहत्नूर गावाच्या ग्रुपवर लिहिलं, "लेख पाठवा. ऐकीव नको, स्वतः तपासलेलं पाहिजे." आठ दिवस कोणी काही पाठवलं नाही. मले राग आला. येवढ्या मोठ्या गावात एकालेही सवाल पडत नाही?

रुपाले म्हटलं, "माहं लिही. अर्ध्या वावरात कापूस मुहूर्त पाहून लावला, अर्ध्यात अमावस्येले. बियाणं एकच, खत एकच. वेचून तोलला तं दोनीकडं सारखाच भरला."

रुपानं विचारलं, "बाबा, गावाले मुहूर्त तं तुमीच काढून देता. नाव झाकू का?"

"काऊन? माहं चंपतराव हे नाव पुरं टाक, गावासकट. तीस वर्सं चूक ताठ मानेनं सांगितली, आता खरं सांगतानी तोंड लपवू?"