कांदेलारियाची शाल आणि शिशाची झिलई

मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. निळ्या-काळ्या सुताची, दोन्ही टोकांना गोंडे असलेली. मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका कुंभारांच्या गावात माझे आयुष्य गेले. एका म्हाताऱ्या विणकरणीने मला विणले आणि कांदेलारियाच्या लग्नात तिच्या सासूने, तोमासाने, मला तिच्या खांद्यावर घातले. "हिच्यात बाजार बांध, लाकडं बांध, पोर बांध," ती म्हणाली. "सुटायची नाही."

मी सगळे बांधले. हासिंता जन्मल्यावर तर माझे काम ठरूनच गेले. लेकीला पाठीवर घेऊन कांदेलारिया मडक्यांना झिलई द्यायची. शिशाची पिवळट पूड पाण्यात कालवायची, मडकी बुडवायची आणि ओले हात मलाच पुसायची. भट्टीतून मडकी निघत ती आरशासारखी. बाजारात बायका मडक्यांबरोबर माझेही कौतुक करत. घरात त्याच मडक्यांत घेवडा शिजे, लिंबू पिळलेली टोमॅटोची चटणी मुरे. हासिंता माझा गोंडा चोखत झोपी जाई.

चौथ्या वर्षी ती चिडचिडी झाली. पोट दुखते म्हणे, जेवेना. येत होते ते शब्दही विसरू लागली. तोमासाने तिच्या अंगावरून अंडे उतरवून दृष्ट काढली. मग एका सकाळी हासिंताला अंगणात झटका आला. कांदेलारियाने तिला माझ्यात गुंडाळले आणि शहराची बस पकडली.

इस्पितळातल्या डॉक्टर आर्रेओलाबाईंनी रक्त तपासले. त्यात शिसे होते, इतके की मेंदूला सूज आली होती. आधी इंजेक्शने आणि सलाइन, नंतर कुजक्या अंड्यासारख्या वासाच्या कॅप्सूल, असे औषध सुरू झाले. हे औषध करते तरी काय, असे कांदेलारियाने विचारले. खेकडा नांगीत धरतो तसे ते शिशाला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते, असे बाईंनी सांगितले. शरीराला लागणारे जस्तही त्यात थोडे ओढले जाते, मूत्रपिंडांवरही ताण येतो. म्हणून सारखे तपासत राहावे लागते.

शिसे उतरले. हासिंताने पाणी मागितले, तेव्हा तिची आई माझ्यात तोंड लपवून रडली.

घरी परतल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा चढले. हाडांत साठलेले थोडे रक्तात उतरतेच, पण एवढे नाही, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी सरळच विचारले, "मी इकडून उपसते आणि तुम्ही तिकडून भरता. असं किती दिवस चालणार? घर साफ होईपर्यंत मी हिला तिथे पाठवणार नाही."

कांदेलारियाने लेकीला शहरात बहिणीकडे ठेवले आणि एकटी परतली. शिशाची झिलई बंद, असे तिने घरात पाऊल टाकताच सांगितले.

तोमासा भडकली. "माझ्या सासूनं हीच वापरली, मी हीच वापरली. आम्ही काय मेलो?"

"तुमची तीन लेकरं कशानं गेली, आई?"

त्या लेकरांची नावे त्या घरात कुणी काढत नसे. तोमासा ओट्यावर बसली. म्हणाली, "नजर लागली म्हणाले होते सगळे." खरे काय ते आता कुणालाच सांगता येणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी तिने आपले घेवड्याचे लाडके मडके स्वतःच उतरवले आणि घरामागच्या बंद खोपटात, शिशाच्या पुडीच्या पोत्याशेजारी नेऊन ठेवले.

मग दोघी झटल्या. अंगणातली वरची माती खरवडून पोत्यांत भरली. भिंती आणि फरशी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली. शिसे नसलेली झिलई आणली, तर पहिली भट्टी पार फसली. मडक्यांवर फोड आले. "कुत्र्याला पाणी ठेवायला बरी आहेत," असे म्हणून व्यापारी निघून गेला. कांदेलारियाने जाळ वाढवला, भट्टीला पंखा लावला. पुढची भट्टीही बिघडली. तिने पुन्हा माती मळायला घेतली.

अखेर झिलई बसली. तोमासाने मडक्यावर अंगठा फिरवून पाहिला. "माझ्या मडक्यांसारखी चकाकत नाहीत," ती म्हणाली. "पण शिजवायला चालतील."

हासिंता घरी आली. औषध पुन्हा सुरू झाले आणि या वेळी उतरलेले शिसे पहिल्यासारखे चढले नाही. आता ती शाळेत जाते. अक्षरे तिला उशिरा येतात. मेंदूचे झालेले नुकसान औषध भरून देत नाही, हे डॉक्टरबाईंनी लपवले नव्हते. पण ती वहीवर वाकून बसते, अक्षर जमेपर्यंत उठत नाही, आणि कुणी मदतीला आले तर हात झटकते.

कांदेलारियाला आता पुन्हा दिवस गेले आहेत. काल तोमासाने मला खुंटीवरून काढले. बाळाला हीच शाल, असे तिच्या मनात होते. कांदेलारियाने मला तिच्या हातून हळूच घेतले. तिने मला कितीतरी वेळा धुतले आहे, पण ती पूड माझ्या धाग्याधाग्यात आहे आणि तिचा आता माझ्यावर भरवसा नाही. तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि पुडीच्या पोत्याजवळ ठेवले. आरोग्य खात्याची गाडी ते सगळे घेऊन जाणार आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्यावर कितीही माया असली तरी ही गाठ सोडू नका. बाळासाठी नवी शाल विणायला सांगा.