छातीवरचं नाव

भीमाप्पांनी सदऱ्याच्या खिशातून तिकिटांची चवड काढली आणि थिएटरच्या दारात उभं राहून गल्लीतल्या एकेकाच्या हातावर तिकीट ठेवायला सुरुवात केली. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. तिकीट घेतलेला पुढे सरकतोय की नाही, हे बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"आत चला, आत चला. दारात गर्दी नगं."

"जय भीम, आप्पा. आमच्या हिरोला कवा बघायचं?" शेजारच्या जयाबाईनं विचारलं. ती विड्या वळायचं सूप आज पहिल्यांदाच रविवारी बाजूला ठेवून आली होती.

"कवा त्ये ठाव न्हाय. पर छातीकडं बघत ऱ्हावा. तोंडावर काळी काच असतीया, पोरं वळखू येत न्हाईत. छातीवर नाव असतंय, ह्ये एवढ्या अक्षरात. कांबळे दिसलं की टाळ्या."

त्यांच्या मागे त्यांचा मुलगा भीमरत्न आज्जीचा हात धरून उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला खरोखरच वाटत होतं. अख्ख्या सिनेमात कुणाच्याही छातीवर 'कांबळे' नव्हतं, आणि हे त्या घोळक्यात फक्त त्याला माहीत होतं.

गल्लीचं हे येणं टाळायला त्यानं कमी प्रयत्न केले नव्हते. सिनेमात आपलं काम अगदी लहान आहे, असं आधी सांगून पाहिलं. मग म्हणाला, निपाणीच्या थिएटरात आवाज नीट येत नाही. शेवटी म्हणाला, महिन्याभरात फोनवरच येईल की.

"फोनवर?" भीमाप्पा म्हणाले होते. "मग काय गल्लीला एकेक करून बोलवून दाखवू व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी मधल्या दोन रांगा धरून ठेवल्या होत्या.

सिनेमा तसा सरळ होता. आकाशातून यंत्रं उतरतात, माणसांची शहरं मोडतात, आणि लोखंडी चिलखतातला हिरो त्यांच्याशी लढतो. त्याच्या मदतीला साध्या माणसांची एक तुकडी असते. हिरोला शेवटपर्यंत जगायचं तर कुणीतरी आधी मरायला हवं. ही तुकडी त्यासाठीच होती. भीमरत्न तिच्यातला एक.

बेळगुंदीच्या पुढे एका जुन्या खडीच्या खाणीत शूटिंग झालं. बेळगावात फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या भीमरत्ननं रजा टाकली आणि हौसेनं गेला. पहिल्याच सकाळी बेळगुंदीचा स्वरूप त्याच्याजवळ आला, हात पुढे केला, नाव विचारलं. भीमरत्न म्हणाला, "रतन." एवढं जमलं, तेव्हाच पुढचं सोपं झालं असावं.

मग कपडेवाल्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. चेहरे काचेमागे जाणार, म्हणून दिग्दर्शकाला प्रत्येकाच्या छातीवर नाव हवं होतं, ठळक मराठी अक्षरांत. प्रेक्षकांनी माणूस नावावरून ओळखायचा. कपडेवाला खडूनं कापडाच्या पट्टीवर आडनाव लिहायचा आणि पट्टी शिवायला पुढे टाकायचा.

"चौगुले," स्वरूप म्हणाला.

"तुझं?"

बेळगावात खोली शोधतानाचे दिवस भीमरत्नला आठवले. घरमालक चहा विचारायचे, गाव विचारायचे, आणि मग अगदी सहज आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की कुठल्यातरी पुतण्याचं शिक्षण अचानक बेळगावात निघायचं आणि खोली त्याला लागायची. अनगोळात खोली मिळेपर्यंत असे बरेच पुतणे झाले होते. पण इथे कुणी खोली देत नव्हतं की नाकारत नव्हतं. नुसती एक पट्टी शिवायची होती.

"देसाई," तो म्हणाला.

ते आडनाव त्यानं शोधलं नव्हतं, तेच तोंडाशी आलं. लहानपणापासून घरात सगळ्यांत जास्त ऐकलेलं परकं आडनाव ते. आज्जी, तानीबाई, जन्मभर देसायांच्या तंबाखूच्या वखारीत राबली. अभ्यासाला बसला नाही की ती म्हणायची, "नगं शिकूस. देसायाची वखार हाय उघडी." त्या नावासमोर माणसं आवाज खाली करतात, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

शूटिंग संपेपर्यंत तो रतन देसाई होता. स्वरूपच्या आईनं पाठवलेली भाकरी दोघं एकाच डब्यात खायचे. खरं सांगितलं असतं तर स्वरूपनं डबा मागे घेतला असता की आणखी एक भाकरी पुढे केली असती, हे भीमरत्नला कधीच कळलं नाही. त्यानं ती संधीच त्याला दिली नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं प्रत्येक घासाला वाटायचं, आता विचारेल.

आणि आप्पांची पाटी आठवायची. खाकी शर्टावर कन्नड अक्षरांतली काळी पाटी, बी. टी. कांबळे. काही गावांत लोक आधी ती पाटी वाचायचे आणि मग सुटे पैसे हाताला न शिवता वरून टाकायचे. एका ड्रायव्हरनं चांगुलपणानं सुचवलं होतं, पाटी खिशात ठेवत जा, कोण बघतंय. त्या दिवसापासून भीमाप्पा रोज सकाळी ती पाटी तेलाच्या बोटानं पुसून लावायला लागले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळा मारून अडकवली होती.

दिवे गेले. भीमरत्नच्या एका बाजूला तानीबाई बसली होती, दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण रचना. आज्जीच्या पलीकडे भीमाप्पा.

सुरुवातीला बरीच शहरं पडली. तानीबाईनं प्रत्येक इमारतीला "अरं द्येवा" म्हटलं. मग धुरातून तुकडी चालत आली आणि दोन्ही रांगा सरसावून बसल्या.

"चौगुले," मागून कुणीतरी वाचलं.

"जाधव."

"कांबळे कुठं हाय?" जयाबाई म्हणाली. "कांबळे दिसंना की गं."

"त्यो काय!" तानीबाई ओरडली. "कडंचा! डावा पाय कसा टाकतोय बघ. आंब्यावरनं पडलं व्हतं माझं लेकरू, तवापास्नं तसंच चालतंय."

"थांब आज्जी, नाव वाचून सांगते," रचना हसत म्हणाली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. दिसलेलं मोठ्यानं वाचायची तिला सवयच होती. "दे—"

ती थांबली. भीमरत्नकडे तिनं मान वळवली नाही. मांडीवरच्या ओढणीचं टोक मात्र तिनं बोटाला गच्च गुंडाळलं.

तुकडी लढली. एकेक करून मेली. भीमरत्नचं मरण सगळ्यांत शेवटी होतं, कारण दिग्दर्शकाला त्याचा आवाज आवडला होता. "साहेब, तुम्ही पुढे व्हा. इथं आम्ही आहोत," पडद्यावरचा सैनिक म्हणाला आणि यंत्राच्या आगीत कोसळला. कॅमेरा सावकाश त्याच्यावर आला, काचेवरून खाली सरकला आणि छातीवर थांबला. हिरोनं लोखंडी हातानं पट्टीवरची धूळ पुसली. अख्ख्या पडद्यावर एकच शब्द उरला. देसाई.

शूटिंगच्या वेळी त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो तेव्हा डोळे मिटून पडला होता.

दोन्ही रांगांत ज्यांना वाचता येत होतं ते सगळे गप्प झाले. म्हाताऱ्या तेवढ्या चुकचुकत होत्या, "मेलं गं पोरगं, मेलं." भीमरत्नला वाटलं, उठून बाहेर जावं. पण जायचं तर आप्पांच्या गुडघ्यांसमोरून जावं लागलं असतं.

"भीमा," तानीबाईनं लेकाला विचारलं, "काय रं लिवलंय त्ये?"

भीमाप्पा पडद्याकडे बघत होते. चष्म्याच्या काचांत तीच अक्षरं उलटी पडली होती.

"कांबळे," ते म्हणाले.

"आं? ऐकू येईना. मोट्यानं सांग की."

भीमाप्पांनी घसा साफ केला. थांबा आल्यावर द्यायचे तसा आवाज त्यांनी लावला.

"कांबळे लिवलंय, आई. कांबळे!"

पुढच्या रांगेतल्या दोन-तीन अनोळखी माणसांनी मागे वळून पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. हसलं कुणीच नाही.

"मग टाळ्या वाजवा की!" तानीबाई म्हणाली आणि स्वतःच वाजवायला लागली. तिच्या वाळक्या हातांचा फारसा आवाज होत नव्हता. मग भीमाप्पांनी वाजवल्या. मग जयाबाईनं, मग एकेक करत दोन्ही रांगांनी. गल्ली उभा जन्म भीमाप्पांच्या शब्दावर चालत आली होती, आजही चालली. भीमरत्न मान खाली घालून ऐकत राहिला. शिव्या परवडल्या असत्या, असं त्याला वाटलं. ज्या माणसानं स्वतःसाठी कधी पाटी काढली नाही, त्याला आज भर थिएटरात खोटं बोलावं लागलं होतं, आणि तेही आपल्याच आईशी.

मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा भीमाप्पा आधीच उठले होते.

"चा आणतो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले आणि गेले.

"मला भाईर ने रं," तानीबाई म्हणाली. "हितं जीव गुदमरतोय."

भीमरत्ननं तिला धरून बाहेरच्या पायऱ्यांवर आणलं. हायवेकडून कोल्हापूरच्या गाड्यांचे भोंगे येत होते. आवाराच्या दुसऱ्या टोकाला चहाच्या गाड्याशी भीमाप्पा पाठमोरे उभे होते. त्यांच्या पुढे गर्दी नव्हती, चहा मिळून गेला असता, पण ते नुसते उभे होते.

तानीबाई पायरीवर टेकली. तिनं नातवाला खाली वाकायची खूण केली आणि त्याच्या शर्टावर, डाव्या खिशाच्या वर, तळवा ठेवला. तंबाखूच्या पानांनी पिवळी पडलेली नखं इतक्या वर्षांनीही तशीच होती.

"हितं व्हतं न्हवं नाव?"

"व्हय, आज्जी."

"लई मोट्टं दिसत व्हतं."

त्याच्याच्यानं पुढे ऐकवेना. आप्पांनी तिच्यासाठी बोललेलं खोटं आपण मोडावं की सांभाळावं, हेही त्याला कळेना. तो कसाबसा म्हणाला, "आज्जी, त्ये नाव..."

"मला लिवता-वाचता येत न्हाय, बाबा," ती मध्येच म्हणाली. आवाज तिनं खाली घेतला होता. "पेन्शनीला अंगठाच लावतो आम्ही. पर वखारीच्या दारावर पाटी व्हती. रोज दिस उगवायच्या टायमाला दार उघडायची वाट बघत आम्ही बाया त्या पाटीखाली बसायचो. पोत्यावर बी त्येच, टोपल्यावर बी त्येच. उभा जन्म त्येच बघिटलं. त्यो एकच शबुद मला वळखाय येतोय."

तिचा हात अजून त्याच्या छातीवर होता.

"चुकलं माझं, आज्जी."

तिनं हात काढला नाही.

"नाव लपवायचं तर लपीव," ती म्हणाली. "तुझं तुला ठाव, तुला काय भोगाय लागलं असंल. पर नावं काय कमी व्हती व्हय रं? दुसरं कंचं बी घ्यायचं."

आवारातून भीमाप्पा येताना दिसले. दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले बोटांत अडकवून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत ते येत होते. तानीबाईनं नातवाचा खांदा पकडून त्याला जवळ ओढलं.

"तुझ्या बाला सांगू नगंस," ती घाईनं म्हणाली. "त्येला वाटतंय म्हातारीला कळलं न्हाय. वाटू दे."

भीमाप्पा पायरीशी आले. त्यांनी एक पेला आईच्या हातात दिला, दुसरा भीमरत्नपुढे धरला. भीमरत्ननं तो दोन्ही हातांनी घेतला. वर बघायचं धाडस त्याला झालं नाही.

"आई, दमलीस काय गं?"

"दमतीया कशानं?" तानीबाई एकदम मोठ्यानं म्हणाली. बाहेर आलेल्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज तिनं लावला होता. "काय मरान मेलं माझं लेकरू! आन छातीवर कांबळे कसं झळकत व्हतं, न्हवं रं भीमा?"

"व्हय, आई," भीमाप्पा म्हणाले. "लांबनं दिसत व्हतं."